चाळिसावी हातोडी

आपली गोष्ट जमली की फसली, हे दत्तूअण्णा हातोड्यांच्या आवाजावरून ओळखायचे.

बहात्तरच्या दुष्काळात ढोकीच्या रस्त्याला खडी फोडायचं काम निघालं होतं. आम्ही चाळीस बायका दगड फोडायचो, अण्णा हजेरी घ्यायचे. हजेरी झाली की बाभळीखाली बसायचे आणि बाद हजेरीपटांच्या पाठीवर स्वतः लिहिलेली रहस्यकथा मोठ्यानं वाचायचे. डोळे कागदावर, कान आमच्याकडं. कलाटणी आली आणि हातोड्या थांबल्या, की ताडकन उठायचे. "थांबल्या! थांबल्या गं!" नाही थांबल्या, तर पान टराटरा फाडायचे. खडी कमी का भरते, हे वरच्या साहेबाला शेवटपर्यंत कळलं नाही.

"कलाटणी म्हंजे आभाळातनं पडल्याला धोंडा न्हाय," ते म्हणायचे. "ती पाभरीनं पेरावी लागती. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. उगवली की माणूस म्हणला पायजे, आरं, हितंच तर पेरलं हुतं!"

"औंदा तेवढीच पेरणी झाली म्हणायची," माझ्या सासूबाई म्हणायच्या आणि सगळा रस्ता हसायचा.

अण्णांनी एक पण केला होता. चाळीसच्या चाळीस हातोड्या थांबतील, त्याच दिवशी ती गोष्ट सोलापूरच्या छापखान्याला धाडायची. एकोणचाळीस थांबायच्या. चाळिसावी माझी.

मी तेव्हा सतरा वर्षांची, नवी सून, सातवी पास. सातवी पास म्हणजे काय! साऱ्या तालुक्याची अक्कल देवानं माझ्याच पदरात बांधलीय, असा माझा पक्का समज. भाकरी तव्यावर फाटायची, पण खुनी मी तिसऱ्या पानाला ओळखायचे.

"जुळा भाऊ!" मी ओरडायचे. अण्णा पान फाडायचे.

"पाटलानं मारलं!" पुन्हा टर्रर्र.

एकदा मी म्हणाले, "अण्णा, तुमचा पाटील लंगडा हाय. भिंत कसा चढला?" अण्णा पेन्सिल घेऊन बाभळीमागं पळाले. सकाळचा लंगडा पाटील दुपारच्या भाकरीपर्यंत धडधाकट झाला!

आणखी एक गोष्ट मला सापडली होती. त्यांच्या प्रत्येक गोष्टीत, चोराच्या असो की सावकाराच्या, एक वाक्य हमखास यायचं: दार नुसतं लोटलेलं होतं.

"अण्णा, तुमच्या गोष्टीतल्या एकाच्याबी दाराला कडी न्हाय व्हय? मग चोऱ्या होतील न्हाय तर काय!"

बायका खो-खो हसल्या. अण्णांनी गुपचूप पान उलटलं. आपण भलताच टोला हाणला म्हणून मी फुगून बसले.

मग अण्णा तापानं पडले. दोन दिवस बाभळीखाली कोणी नाही. सासूबाईंनी माझ्या हाती भाकरी-पिठलं दिलं. भर दुपारी मी त्यांच्या घरी गेले, दाराला हात लावला, तर ते उघडलंच. नुसतं लोटलेलं होतं.

आत धडपड झाली. अण्णा घोंगडं फेकून, टोपी सारखी करत दाराशी धावत आले.

"आलीस?"

मग मी दिसले.

"तू व्हय गं," ते म्हणाले. "ठेव तितं."

घरी येऊन मी फणकाऱ्यानं सासूबाईंना म्हणाले, "खऱ्या घरालाबी कडी लावत न्हाईत की ओ!" त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"बायको आठवडी बाजाराला गेलती त्याची. यायला उशीर झाला, म्हणून यानं रागानं आतनं कडी लावली. ती लई लाजरी. कडी वाजवली न्हाय, हाक मारली न्हाय. दारातनंच माघारी फिरली. पाच वर्सं झाली."

"मग गोष्टी कशापायी लिहित्यात?"

"तिला नाद हुता रहस्यकथांचा. मिळंल ते पुस्तक वाचायची. छापून आलं, तर कुठंबी असली तरी वाचंल, म्हणतो."

मी तवा चुलीवर ठेवला, तो उलटा.

ताप उतरल्यावर अण्णा नवी गोष्ट घेऊन आले. खुनी कोण, ते मी पहिल्याच पानाला ओळखलं: पोस्टमन. इतका उघडा की त्याच्या सायकलीची घंटासुद्धा ओरडून सांगत होती! नाव माझ्या जिभेवर आलं. मी ओठ मिटले.

अण्णा वाचत गेले. "दार नुसतं लोटलेलं होतं..."

माझी हातोडी वरच राहिली.

बाकीच्या एकोणचाळीस अजून चालू होत्या. कलाटणी तर चार ओळींनी पुढं होती! अण्णांनी वर बघितलं. माझ्या हातोडीकडं, मग माझ्याकडं. चार ओळी वाचल्या, पोस्टमन सापडला, आणि सारा रस्ता चिडीचूप झाला.

या वेळी अण्णा ओरडले नाहीत. जवळ येऊन हळूच म्हणाले, "तुला कळलं न्हवतं?"

"न्हाय, अण्णा."

"पेरलं तर हुतं की."

"व्हय," मी म्हणाले. "रोज पेरत हुता. मलाच दिसलं न्हाय."

त्यांनी कागदांची चळत टोपीत खोचली आणि उघड्या डोक्यानं, रणरणत्या उन्हात, पोस्टाच्या वाटेला लागले.