कापूस किती मावन?

आमचे सोनाजीकाका कुठलीही इमारत पाहिली की एकच विचारत, "इथं कापूस किती मावन?" देवळात हात जोडलेले, नजर मात्र छताकडे. एकदा माझं पोट न्याहाळून म्हणाले, "मणभर सरकी आरामात." मी पुतण्या, अंदाज चुकला, असंही म्हणता येईना.

साता समुद्रापलीकडे कुणाची तरी लढाई जुंपली आणि आमच्या बाळापुराकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो आणखी चढेल म्हणून काकांनी विक्री थांबवून घरच भरलं. आधी माजघर, मग देवघर, शेवटी आतली खोली. माणसं ओसरीवर. सकाळी उठलो की माझ्या मिशा वयाआधीच पिकलेल्या असत.

ती आतली खोली बाळंतिणीची. काकांची यमुना पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती.

"पोरीले काय ओसरीवर निजवू?" काकू विचारत.

"भाव चढून राहिला ना. थांब जराशी."

"मी थांबीन. पोट थांबत नसते."

ओटीभरणाचं जरीचं लुगडं घ्यायला काका मला बऱ्हाणपूरला घेऊन गेले. लुगडं घेतलं आणि तापीकाठचा बादशाही महाल पाहायला निघालो. दरबाराच्या दालनात काका म्हणाले, "पन्नास गाड्या." नक्षीदार हमामखान्यात म्हणाले, "ओल लागन. नको." म्हातारा राखणदार माझ्याकडे बघू लागला, मी नक्षी बघू लागलो.

पुढच्या दालनापाशी तो थांबला. "बेगमसाहिबा यहीं गुज़रीं. ज़चगी में."

छताकडे गेलेली काकांची मान खाली आली. "बाळंतपणात? कावून? दाई नोयती?"

"सब था, भाई. दाई, हकीम, बादशाह ख़ुद."

काकांनी पुढे काही मोजलं नाही. लुगड्याचं गाठोडं छातीशी धरून म्हणाले, "चाल, बैल जुंप."

घरी आल्यावर पायही न धुता ते आतल्या खोलीत शिरले आणि कवेकवेनं कापूस बाहेर काढू लागले. अडत्याला निरोप गेला, असेल त्या भावानं घेऊन जा. काकू केरसुणी घेऊन आल्या.

संध्याकाळी सारवलेल्या खोलीत काका एकटेच उभे होते. मला राहवेना. "काका, इथं कापूस किती मावन?"

त्यांनी कोनाड्यातल्या दिव्याची वात सारखी केली.

"इथं दोन जीव," ते म्हणाले. मग हळूच, "दोनी सुखरूप बाहीर आले पायजे रे."