हेमलताबाईंनी बेंजो पुढे नेला त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनी प्रसन्न असो, वीजमंडळाची कृपा अखंड असो आणि ऐकणारांचे कान शाबूत असोत. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, ते वर्षी जे वर्तमान घडले ते जैसे पाहिले आणि जैसे ऐकिले तैसे लिहितो. पदरचे घातले असेल तर इतुकेच की काही मनुष्यांस होते त्याहून थोडे शहाणे दाखविले.

तर एक राज्य होते. नाव घेणे प्रशस्त नव्हे, कारण तेथील रयत लौकर रागास येते. दीड गल्ली, एक देवीचे देऊळ आणि एक चढाचा रस्ता इतका मुलूख, आणि त्या मुलखाची फौज म्हणजे बेंजो पथक. दोन ढोल, तीन ताशे, एक खुळखुळा, आणि सर्वांपुढे हातगाडीवर चढविलेला बेंजो. बेंजो म्हणजे लाकडी पेटीवर तारा आणि तारांवर टाइपरायटरासारखी बटणे. डाव्या हाते बटण दाबावे, उजव्या हाते प्लास्टिकची पट्टी तारांवर मारावी, आणि मग पेटीतून वायर निघून भोंग्यास जाते आणि तो नाद तीन गल्ल्या ऐकतात. फौजेचा रिवाज असा की पहिला सूर बेंजोने टाकावा आणि मग बाकीच्यांनी उठावे. ही पुढची जागा सत्तावीस वर्षे जनार्दनराव राखून होते, आणि फाल्गुनी पौर्णिमेस देवीची पालखी निघाली म्हणजे त्यांचा सूर कानी पडल्याखेरीज भोई पालखीस खांदा देत नसत.

ऐसे असता श्रावणमासी अर्धांगवायू नामे गनिमाने प्रातःकाळी ऐन चहाचे वेळी छापा घातला, आणि जनार्दनरावांचा उजवा हात व अर्धी जीभ काबीज केली. वैद्य झाले, औषधे झाली, मालिश झाली, आणि पाऊल थोडे उचलू लागले, परंतु हात काही परत येईना. मग मार्गशीर्षात पथकाचे सेनापती शांताराम ढोलवाले घरी आले, अर्धा कप चहा घेतला, अर्धा तसाच ठेविला आणि दाराशी येऊन जनार्दनरावांच्या पत्नी हेमलताबाई यांस हळूच म्हणाले, "वहिनी, जनाभाऊंसमोर बोलवेना. यंदा पालखीला किबोर्डवाला घ्यावा लागेल. आणि एकदा तो पुढे उभा राहिला, की मग तोच राहणार. तुम्हाला माहीत आहे आपल्याकडचं."

हेमलताबाईंस माहीत होते. आत खाटेवर मनुष्य भिंतीकडे तोंड करून निजले होते, आणि गेले पंधरा दिवस त्यांनी डाव्या हाताचा व्यायामही सोडिला होता. ती जागा गेली तर हे मनुष्य भिंतीकडून परत वळणार नाही, हे बाईंस त्या दाराशी उभ्या उभ्या लख्ख कळले. मग बाई म्हणाल्या, "पालखीपर्यंत जागा ठेवा. आमच्या घरचं माणूस वाजवील."

"घरचं कोण?"

"ते तुम्हाला पालखीत दिसेल."

ऐसे बोलून, शांतारामांचा पालखीपर्यंतचा शब्द घेऊन, बाईंनी दार लाविले, आणि मग आपण काय बोललो हे ध्यानी येऊन त्या मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत्या जाहल्या. कारण सत्तावीस वर्षांत त्यांनी त्या बेंजोची धूळ मात्र पुसली होती. सूर एकही काढिला नव्हता.

दुसरे दिवशी सकाळचे गिऱ्हाइकांचे डबे करून पाठविले आणि दुपारी दोन वाजता, धनी निजले असे पाहून, बाईंनी स्वयंपाकघरात बेंजो मांडिला, लहान भोंगा जोडिला, बटण दाबिले आणि पट्टी मारिली. जो आवाज निघाला त्याचे वर्णन करणे देवीच्या नावे आरंभिलेल्या लेखात शोभत नाही. तत्क्षणी खालच्या मजल्याचे अधिपती मुकुंदराव, कचेरीतून निवृत्त, वामकुक्षीचे कडवे अभिमानी, यांनी छतास काठीचे तीन तडाखे दिले, आणि मग स्वतः जिना चढून दाराशी मोर्चा लाविला. "अहो बाई, मांजर कापताय की काय?" ऐसे ते विचारिते जाहले. बाईंनी त्यांस आत बसविले, पाणी दिले, खाटेकडे बोट दाखवून सारी मसलत कानात सांगितली. मुकुंदरावांचा राग ओसरला, परंतु झोप ती झोप. तेव्हा उभयतांत तह ठरला. दुपारी दोन ते चार सराव करावा, परंतु कोणताही नाद फरशीखाली उतरू नये. आणि जनार्दनरावांस यातले काही कळू नये, हे कलम बाईंनी आपल्या बाजूने घातले.

मग बाईंनी परमुलखी नोकरीस असलेल्या कन्येस, वृषालीस, फोन केला. कन्येने कुमक पाठविली ती अशी की एक हेडफोन, काळा, टोपासारखा, एक लहान डबी, जिच्यात बेंजोची वायर एकीकडून आणि मोबाइल दुसरीकडून जोडावा, आणि मोबाइलात चार ट्रॅक, म्हणजे पालखीच्या चारही गाण्यांचे ढोलताशे, बेंजो तेवढा वगळलेला. "आई, हे लाव आणि मधली जागा तू भर," ऐसे कन्या म्हणाली. "सुरुवातीला चार टिकटिका येतात. त्या संपल्या की सूर टाकायचा."

बाईंनी टोप कानी चढविला आणि डोकीत सारी फौज अवतरली. दोन ढोल या कानी, तीन ताशे त्या कानी, आणि बाहेर स्वयंपाकघरात कुकर निवत होता आणि चिमणीही दचकली नाही. मग रोज दोन ते चार हा क्रम जाहला. बटणे ध्यानी राहीनात म्हणून बाईंनी कपाळाच्या टिकल्यांचे पाकीट आणिले, सा वर लाल, रे वर हिरवी, ग वर मरून अशा टिकल्या चिकटविल्या, आणि मग बेंजो ऐसा सजला की कोणी म्हणावे हळदीकुंकवास निघाला. बटणांची टकटक फरशीतून खाली जाते अशी मुकुंदरावांची तक्रार आली, तर पेटीखाली चौपदरी गोधडी घातली. बोटांस फोड आले, फुटले आणि घट्टे जाहले. पोळ्या लाटताना बाईंचे डावे बोट पोळपाटावर आपोआप चालू लागले. ट्रॅक कोणाची गय करीत नाही. तुम्ही चुका, तो पुढे जातो. तेव्हा बाई चुकत आणि पुन्हा पहिल्या टिकटिकीपासून उभ्या राहत. एके दिवशी तिसरे गाणे एकोणीस वेळा फसले आणि बाई रडल्या, आणि रडून झाल्यावर विसाव्यांदा वाजविले. माघ सरला तेव्हा चारही गाणी टोपाच्या आत बिनचूक उतरत होती, आणि बाईंस वाटले, जिंकलो.

फाल्गुन शुद्ध प्रतिपदेस शाळेच्या पटांगणी पथकासमोर बेंजो उभा केला. सारे वादक चकित जाहले, "वहिनी तुम्ही?" म्हणून हसले, आणि मग पहिल्या गाण्यास काठ्या उगारून बाईंकडे पाहू लागले. बाई त्यांच्याकडे पाहू लागल्या. ते बेंजोची वाट पाहत होते आणि बाई चार टिकटिकांची. ऐसी उभय सैन्ये समोरासमोर तटस्थ उभी राहिली, खुळखुळेवाल्याचा हात भरून आला, आणि शेवटी शांतारामांनीच ढोलावर ठोका टाकिला. मग बाई त्याच्या मागून निघाल्या. सूर चोख होते, परंतु ताशे दमले तरी बाई दमेनात, ढोल वळणावर रेंगाळला तरी बाई सरळ पुढे, कारण ट्रॅक कधी रेंगाळला नव्हता. दुसऱ्या कडव्यास गाणे फुटले आणि ज्याचा तो सैरावैरा जाहला.

शांताराम भला माणूस. त्यांनी ढोल खाली ठेविला आणि म्हणाले, "वहिनी, हात गोड आहे, खोटं नाही बोलत. पण तुम्ही आमच्या मागून येताय. बेंजोच मागून आला, तर आम्ही जायचं कुणाच्या मागे? पौर्णिमेला तुम्ही पुढे उभ्या राहा, मी शब्द दिलाय. पण किबोर्डवाला बाजूला उभा राहील. पहिल्या चौकापर्यंत सूर तुटला, तर तो उचलील."

बाई घरी आल्या, बेंजो खोळीत घातला, टोप डब्यात ठेविला आणि तीन दिवस दोन ते चार गहू निवडीत बसल्या. चौथे दिवशी मुकुंदराव जिना चढून आले आणि दारातूनच म्हणाले, "बरं नाही का? तीन दिवस टकटक नाही. सवय झालीय हो, डोळा लागत नाही." बाईंनी त्यांस हळू बोलण्याची खूण केली, तोच आतून हाक आली. जनार्दनराव भिंतीकडून वळून बसले होते.

"मलापण... नाही लागत," ते म्हणाले.

बाई खाटेपाशी गेल्या. "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"पौषापासून. तिसऱ्या गाण्यात... मरून टिकली... उशिरा दाबतेस." टिकल्या त्यांनी केव्हा पाहिल्या, हे विचारण्याचे बाईंस सुचले नाही. मग जनार्दनराव जीभ आवरीत, एकेक शब्द जागेवर ठेवीत म्हणाले, "शांताराम येऊन गेला. सांगितलं सगळं. ते कानावरचं... काढ. ते गाणं तुला नेतं. तू... कुणाला नेत नाहीस."

"मग सराव कुणाबरोबर करू? खाली झोपतात ना ते!"

"वाटी आण. आणि चमचा."

मग नवा क्रम सुरू जाहला. टोप नाही, भोंगा नाही, मोबाइल नाही. वीज काढिलेला बेंजो हळूच किणकिणे, तितके खाटेपर्यंत पुरे होते. खाटेवर जनार्दनराव मांडीवर उशी घेऊन, उशीवर पितळेची वाटी पालथी घालून, डाव्या हाती चमचा धरून बसत. टिकटिका देत नसत. बाईंनी पहिला सूर टाकिल्याशिवाय चमचा उचलत नसत. आणि सूर टाकिला की मग हे मनुष्य असे काही वाजवू लागे की बाईंच्या डोकीस संताप चढे. मध्येच मंद होत, मध्येच पळत, मध्येच थांबून पाणी मागत आणि तोवर गाणे चालू ठेव म्हणून खुणावीत.

"अहो, नीट वाजवा की! मुद्दाम चुकताय!"

"पथक असंच वाजतं," जनार्दनराव म्हणत. "चढावर ढोल मागे राहतो. ताशेवाल्याला... कोणीतरी ओळखीचं दिसतं. त्यांना सोडून जाऊ नको. ओढ. ओढता येत नसेल तर... थांब, आणि घेऊन जा."

बाई चिडत, बडबडत, पट्टी आपटत, परंतु दुसरे दिवशी दोन वाजता पुन्हा बेंजो मांडीत. दहा दिवस हे युद्ध चालले. बाईंचे डोळे बटणांवरून उठून चमच्याकडे जाऊ लागले आणि मग चमच्याआधी मनगटाकडे, आणि ते मंद होणार हे बाईंस त्यांच्या आधी कळू लागले. हे सर्व होत असता डाव्या हाताचा व्यायाम रोज दोन तास घडत होता. बाईंच्या हे ध्यानी आले होते.

फाल्गुनी पौर्णिमेस दुपार कलल्यावर पालखी सजली. हातगाडीवर बेंजो चढला, टिकल्यांसकट. बाजूस किबोर्डवाला गळ्यात पिशवी अडकवून उभा. काठ्या उगारिल्या गेल्या आणि साऱ्या फौजेने बाईंकडे पाहिले. मग बाईंनी कोणाची वाट पाहिली नाही, आणि पट्टी मारिली. भोंग्यातून पहिला सूर निघाला, मागे ढोल उठले, भोयांनी खांदा दिला आणि देवी हालली. पहिला चौक आला आणि गेला. चढ लागला, ढोल जड जाहले, तेव्हा बाईंनी तेच कडवे फिरवून फिरवून त्यांस ओढून वर आणिले, आणि एक ताशेवाला मेहुण्यास पाहून बहकला त्यासही दोन सुरांत माघारी बोलाविले. शांताराम मान हलवून हसले. किबोर्डवाल्याने पिशवीची चेन शेवटपर्यंत उघडिली नाही.

मग पालखी बाईंच्या घराखाली आली. गॅलरीत खुर्ची, खुर्चीत जनार्दनराव, मांडीवर उशी, उशीवर वाटी, शेजारी मुकुंदराव छत्री धरून. इतक्या कल्लोळात ती वाटी दुसऱ्या कोणास ऐकू येणे शक्य नव्हते, पण बाईंनी ती ऐकिली. आणि ऐकिले की ठोका मागे पडतो आहे, अर्ध्या मात्रेने, मग एका मात्रेने. बाईंनी वर पाहिले नाही. त्यांनी शेवटच्या ओळीवर हात जड केला आणि तोच सूर तीन वेळा वाजविला, इतका वेळ की शांताराम चमकून पाहू लागले, सारे पथक सुरावर उभे राहिले आणि पालखीही थांबली. वाटीचा ठोका धडपडत आला आणि समेवर मिळाला. मग बाईंनी पुढचे कडवे टाकिले, आणि ढोल, ताशे, खुळखुळा, वाटी आणि देवी ऐसे सगळे एकत्र पुढे निघाले.

त्या दिवशी ते मुद्दाम मागे पडले की हात खरोखरच थकला होता, हे बाईंनी विचारिले नाही आणि त्यांनी सांगितले नाही, सबब बखरकारासही ठाऊक नाही. पुढची जागा त्याच घरी राहिली. टिकल्या अद्यापि बटणांवर आहेत, मरून तेवढी झिजली. दुपारी दोन ते चार तह चालू आहे. इतके वर्तमान डोळां पाहिले, इतकेच लिहून लेखणी धुतली.