पास्कूबाबांची तोखणाय

आमचे शेजारी पास्कूबाब देवाजवळ काहीही मागत नाहीत. मागणे हा शब्दच त्यांना सोसत नाही. एकदा मांजराने त्यांच्या ताटातला तळलेला बांगडा पळवला, तेव्हा रिकाम्या ताटाकडे पाहत ते उद्गारले, “देवाक तोखणाय! मांजराक पण बरी चव दिल्यान.” तोखणाय म्हणजे स्तुती. गुडघा धरला, तरी “दुसरा ढोपर बरा आसा, देवाक तोखणाय!”

बोटीवर आचारी म्हणून उमेदीची वर्षे घालवून ते गावी स्थिरावले. त्यांच्या आणि आमच्या माडांमध्ये चिऱ्यांचा कमरेइतका गडगा आहे. अलीकडे माझे तुळशीवृंदावन, पलीकडे त्यांचा चुन्याने रंगवलेला खुरीस, म्हणजे क्रूस. सायंकाळी मी संध्येला बसावे आणि त्याच वेळी त्यांनी खुरसापुढे मेणबत्ती लावावी, असा अनेक वर्षांचा परिपाठ. मी कुणकेश्वराचे दर्शन घेऊन परतलो की ते गडग्यावर कोपरे टेकून विचारीत, “गुरुजीनू, आज काय काय मागून इलास?”

आयुष्यभर मी शाळेत संस्कृत शिकवले. हे मुकाट्याने कसे ऐकून घ्यावे? एकदा संध्येला बसता बसता मीही विचारले, “पास्कूबाब, देव परिपूर्ण. त्याला तुमच्या स्तुतीची काय गरज?”

“देवाक खंय होयी? माका होयी! एक दिस तोखणाय चुकली काय माका वाटूक लागता, ह्या सगळा मियाच केलंय. आणि तुम्ही सूर्याक पाणी देतास, तो काय तानेलो आसा?”

मी पळीतले पाणी घाईघाईने ताम्हनात सोडले. माजघरातून पत्नीचे हसणे ऐकू आले, ते वेगळेच.

त्यांची ही उपासना त्यांनी स्वतःच रचलेली. ते देवाचे एकेक देणे उच्चारीत आणि त्यांच्या पत्नी नातालीनबाय पायरीवर बसून प्रतिसाद देत.

“पेजेवांगडा खारो बांगडो दिलंस—”

“देवाक तोखणाय!”

दोघांची भांडणेही खणखणीत. दिवस दिवस अबोला चाले. परंतु सायंकाळचा प्रतिसाद कधी चुकला नाही. अशाच एका अबोल्यात पास्कूबाब डोळे मिटून म्हणाले, “बायलेक गोड जीभ दिलंस—”

 पायरीवरून ठसक्यात शब्द आले, “फुडचा म्हण!”

अबोला तिथेच मोडला.

गेल्या पावसाळ्यानंतर नातालीनबाय गेल्या. मेणबत्ती मात्र एक दिवसही चुकली नाही. फक्त प्रत्येक ओळीनंतर पास्कूबाब थांबू लागले. मला प्रथम वाटले, वयोमानाने पुढचे आठवत नसावे. नंतर ध्यानात आले, ती स्तब्धता नेमकी एका प्रतिसादाएवढी होती. पायरीकडे न पाहता ते वाट पाहत, आणि पुढची ओळ आधीच्याहून हळू म्हणत. दिवसेंदिवस ओळी कमी होत गेल्या. देवाजवळ न मागणारा हा माणूस शेजाऱ्याजवळ काय मागणार?

परवा एकच ओळ म्हणून ते मेणबत्ती विझवायला वाकले. माझ्याने राहवेना. अर्घ्याचा तांब्या ठेवून मी गडगा ओलांडला. धोतराचा सोगा चिऱ्यात अडकला, तो कसाबसा सोडवला आणि त्यांच्या पायरीवर जाऊन बसलो.

“देवाक तोखणाय,” मी म्हणालो.

ते वाकलेलेच राहिले. मग सावकाश ताठ झाले. मागे वळून मात्र पाहिले नाही.

“माडाक पाणी दिलंस—”

“देवाक तोखणाय.”

“पेजेक मीठ दिलंस—”

“देवाक तोखणाय.”

आवाज चढत गेला. जुना खोडकरपणाही परतला.

“गुरुजींका गोड गळो दिलंस—”

“फुडचा म्हणा!” माझ्या तोंडून निघून गेले.

ते हसले. हसता हसता त्यांनी खुरसाचा चौथरा धरला, आणि बराच वेळ माझ्याकडे पाठ करूनच उभे राहिले.

परतताना गडग्यापाशी मला आधाराला हात देत ते हलकेच म्हणाले, “गुरुजीनू, मी मागूक नाय हां.”

“नाहीच मागितलंत,” मी म्हणालो.

मी गडग्याच्या अलीकडे सुखरूप उतरलो, तरी त्यांनी हात सोडला नव्हता.