उणे तेरा सेंटिमीटरचा रॅम्प

आमच्या बांधकाम कार्यालयातल्या आकडेमोड शाखेचा मी प्रमुख आहे. शाखेत मी एकटाच असल्यामुळे हे पद माझ्याकडे निर्विवादपणे आलं. बावीस वर्षं ज्या कॅल्क्युलेटरच्या जोरावर मी ते सांभाळलं, त्याने एका सोमवारी प्रत्येक आकड्याला आठ म्हणायला सुरुवात केली. दोन अधिक दोन, आठ. आठ अधिक आठ, अठ्ठ्याऐंशी. मंगळवारपर्यंत मी त्याच्यावरच काम रेटलं, कारण आमच्याकडे एखादी वस्तू बिघडल्याचं लेखी कळवल्याशिवाय ती बिघडलेली मानत नाहीत.

शेवटी लेखी कळवलं. हेडक्लार्कना सगळे त्यांच्या पाठीमागे 'परिपत्रक' म्हणतात. त्यांनी अर्जावर शेरा मारला की, गेल्या वर्षी सर्वांना टॅब देण्यात आलेले असल्याने स्वतंत्र कॅल्क्युलेटर देय नाही; संबंधितांनी टॅबमध्ये योग्य ते सायंटिफिक कॅल्क्युलेटर ॲप निवडून घ्यावे. त्यातल्या 'योग्य ते' या दोन शब्दांनी माझा घात केला. 'कुठलंही' म्हणाले असते तर दहा मिनिटांत काम झालं असतं.

काम तरी केवढं होतं? आमच्या समोरच्या दवाखान्याला तीन पायऱ्या होत्या आणि त्यांच्या शेजारी चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्प करायचा होता. पायऱ्यांची उंची पंचेचाळीस सेंटिमीटर, चढ पाच अंशांचा, तर रॅम्पची लांबी किती, एवढाच प्रश्न. हा रॅम्प मागितला होता गणिताच्या बाईंनी. अकरावीत मला त्या शिकवायला होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचे पाय गेले. मंगळवारी आणि शुक्रवारी व्यायामासाठी त्यांची भावजय त्यांना दवाखान्यात आणायची आणि पायऱ्यांपाशी चार माणसं गोळा होईपर्यंत दोघी उन्हात थांबायच्या. चौघे खुर्ची उचलत, तेव्हा बाई डोळे मिटून घेत. मी हे आमच्या खिडकीतून पाहायचो. मला वाईट वाटायचं, आणि मग जेवणाची सुट्टी व्हायची.

रॅम्प बांधणाऱ्या मिस्त्रीने पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, "साहेब, एक हात चढ असला की बारा हात लांबी सोडायची. माझ्या बापानं एवढंच शिकवलं. मी उद्या सुरू करतो." मी त्याला समजावून सांगितलं की हे त्रिकोणमितीचं काम आहे, इथे टॅन्जंट लागतो आणि बापाच्या सांगण्याला कार्यालयीन आधार नाही. त्याने मान हलवली आणि विटांवर जाऊन बसला.

मी ॲप शोधायला लागलो. 'सायंटिफिक कॅल्क्युलेटर' असं टाकताच दोनशेच्या वर निघाली. एका ॲपमध्ये साइन आणि कोसाइनच्या मध्ये चपलांची जाहिरात यायची. दुसऱ्याला आकडेमोड करण्याआधी माझा कॅमेरा, माझा ठावठिकाणा आणि माझ्या ओळखीच्या सर्वांचे नंबर हवे होते. टॅन्जंट काढायला माझ्या मेव्हण्याचा नंबर कशाला लागतो ते मला कळेना, पण मी दिला. तिसरं चाळीस रंगांत मिळत होतं. त्या आठवड्यातले दोन दिवस रंग निवडण्यात गेले, हे मी इथे प्रामाणिकपणे नमूद करतो. बायकोने विचारलं की एवढं काय बघताय, तर मी म्हणालो, कार्यालयीन काम आहे. तिने टॅबमध्ये डोकावून पाहिलं आणि मोरपंखी घ्या म्हणाली.

आठवड्याअखेर मी सोळा पानांचा तुलनात्मक तक्ता तयार केला. दिसण्याला चाळीस गुण, हाताळायला सोपं असण्याला तीस, लोकांनी दिलेल्या ताऱ्यांना पंचवीस आणि उत्तर बरोबर येण्याला पाच. उत्तराला पाचच का, असं आमच्या कार्यालयाच्या साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, कॅल्क्युलेटर म्हटल्यावर उत्तर बरोबरच येणार, त्यात स्पर्धा कसली. साहेबांना ते पटलं. मलाही ते इतकं पटलं होतं की मी हा नियम शाखेच्या भिंतीवर लावायचा विचार करत होतो.

तक्त्यात दोन ॲप बरोबरीने पहिली आली: एक मोरपंखी आणि एक काळं. साहेबांनी समिती नेमली. समितीत साहेब, परिपत्रक आणि मी. पहिल्या बैठकीत असं ठरलं की दोन्ही ॲपवर रॅम्पचंच गणित करून पाहावं. बाहेर विटा, वाळू आणि मिस्त्री तयार होते. शुक्रवार होता. खिडकीतून दिसत होतं की खुर्ची पायऱ्यांपाशी आली आहे आणि भावजय कोणी येतंय का ते बघते आहे.

काळ्या ॲपने लांबी सांगितली पाच मीटर चौदा सेंटिमीटर. मोरपंखीने सांगितलं, उणे तेरा सेंटिमीटर.

साहेबांनी विचारलं, "उणे म्हणजे नेमकं कुठे?"

खरं तर उणे लांबीचा रॅम्प जगात नसतो, हे कळायला शाखाप्रमुख असावं लागत नाही. पण मोरपंखीची शिफारस माझी होती. सोळाव्या पानावर 'सर्वार्थाने उत्कृष्ट' असं मीच लिहून खाली सही केली होती. त्यामुळे मी घसा साफ केला आणि सांगितलं की, उणे म्हणजे विरुद्ध दिशेने. रॅम्प पायऱ्यांपासून बाहेर येण्याऐवजी दवाखान्याच्या आत तेरा सेंटिमीटर जातो, असा त्याचा तांत्रिक अर्थ निघतो. परिपत्रकांनी हे टिपून घेतलं. आत जाणाऱ्या रॅम्पला बाहेरच्या जागेची परवानगी लागणार नाही, हा फायदाही त्यांनी लक्षात आणून दिला.

साहेब मात्र अनुभवी होते. ते म्हणाले, एका ॲपचं ऐकलं तर दुसऱ्यावर अन्याय होतो, उद्या कोणी विचारलं तर उत्तर काय देणार? त्यांनी सरासरी काढायला सांगितली. पाच चौदा आणि उणे तेरा मिळून पाच एक, त्याचे निम्मे अडीच मीटर. सगळ्यांना हायसं वाटलं. त्याच बैठकीत ठराव झाला की ॲपबाबत अंतिम निर्णय होईपर्यंत कार्यालयाची सर्व गणितं दोन्ही ॲपवर करून सरासरी धरावी. अनुमोदन मी दिलं.

अडीच मीटरचा नकाशा हातात पडल्यावर मिस्त्रीने तो उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "साहेब, हा रॅम्प नाही, ही घसरगुंडी आहे." मी म्हणालो, समितीचा निर्णय आहे. तो म्हणाला, "कागदावर आहे ते करतो. पण बाईंना आधी सांगा." मी सांगतो म्हणालो. सांगितलं नाही. माझ्याच बाईंना जाऊन मी काय सांगणार होतो? की तुमचा विद्यार्थी शाखाप्रमुख झाला आहे आणि त्याला उणे लांबी मान्य आहे?

सिमेंट सुकल्यावर पाचव्या आठवड्यात एका मंगळवारी रॅम्प खुला झाला. साहेब दोन शब्द बोलले. बाईंनी खुर्चीतून रॅम्पकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि भावजयीला म्हणाल्या, "चल, बघू तरी."

निम्म्यापर्यंत भावजयीने जीव खाऊन खुर्ची रेटली. मग तिची चप्पल घसरली, ती गुडघ्यावर आली आणि खुर्ची मागे यायला लागली. सगळ्यांत जवळ मी उभा होतो. दोन पावलांवर. पण माझे दोन्ही हात टॅबमध्ये गुंतले होते, कारण अहवालासाठी चित्रफीत आवश्यक होती. ती चित्रफीत आजही कार्यालयात आहे आणि तिच्यात चित्र जराही हललेलं नाही, इतका माझा हात स्थिर होता. मिस्त्रीने वाळूच्या ढिगावरून उडी मारली आणि मागच्या चाकाखाली स्वतःचा पाय घातला. खुर्ची थांबली. त्याच्या पायाची दोन बोटं मोडली. दवाखाना समोरच असल्यामुळे वेळ वाया गेला नाही, असं पुढे अहवालात आलं. ते वाक्य माझंच.

बाईंचा श्वास लागला होता. हाताला खरचटलं होतं. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त हात पुढे केला आणि म्हणाल्या, "कशावर केलंस गणित? दाखव."

मी मोरपंखी ॲप उघडून दिलं. त्यांनी चष्मा वर करून ते जवळ धरलं. पडद्याच्या कोपऱ्यात इंग्रजी 'आर' हे अक्षर बारीक टाइपात होतं. ते त्यांनी विचारलं. मी म्हणालो, रजिस्टर्ड असेल, नामांकित कंपनी आहे.

"हा रेडियनचा आर आहे, कोन मोजायचं दुसरं माप. तू पाच अंश विचारतो आहेस आणि हे बिचारं तुला पाच रेडियनचं उत्तर देतंय." त्यांनी त्या अक्षरावर बोट ठेवलं. तिथे डिग्रीचं 'डी' आलं आणि उणे तेराचे पाच मीटर चौदा झाले. टॅब माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "तुझी आकडेमोड कधीच चुकायची नाही रे. प्रश्न काय आहे, ते तू वाचायचा नाहीस."

बावीस वर्षांत माझ्या कामाचं इतकं अचूक मूल्यमापन कोणी केलं नव्हतं.

पाय प्लास्टरमध्ये घालून, खुर्चीवर बसून मिस्त्रीने दोन माणसांकडून तो रॅम्प फोडून घेतला आणि नुसत्या दोरीच्या आणि फळीच्या मापाने नवा उभा केला. पंचेचाळीसाच्या बारापट, पाच मीटर चाळीस. दोन्ही बाजूंना कठडे. मला कोणी काही विचारलं नाही. मी दोरीचं एक टोक धरून उभा होतो, आणि त्या प्रकल्पात माझं म्हणता येईल असं काम तेवढंच. सिमेंट सुकल्यावर एका शुक्रवारी बाई कठड्याला धरून, स्वतःच्या हाताने चाकं फिरवत वर गेल्या. डोळे उघडे ठेवून.

समितीने प्रकरणाची गंभीर दखल घेतली. मोरपंखी ॲपचे गुण शंभरवरून नव्व्याण्णव करण्यात आले. मिस्त्रीकडून विनापरवानगी चाकाखाली पाय घातल्याबद्दल खुलासा मागण्यात आला. माझ्या शाखेचं प्रमुखपद माझ्याकडेच राहिलं, दुसरं कोणी नव्हतं म्हणून.

त्यानंतर एका दुपारी नोंदवही चाळताना माझ्या लक्षात आलं की सरासरीचा तो ठराव पाच आठवडे लागू होता. त्या काळात माझ्या हातून एकेचाळीस गणितं गेली आहेत: छपरांचे उतार, गच्चीला दिलेले तिरके आधार, जिने, टेकडीच्या बाजूने माती अडवणाऱ्या भिंती. सगळी दोन्ही ॲपवर केलेली, सरासरी काढलेली आणि मंजूर. मी हादरलो आणि त्याच दिवशी फेरतपासणीचा प्रस्ताव लिहिला. प्रस्ताव समितीकडे आहे. फेरतपासणी कोणत्या ॲपवर करावी, यावर चर्चा सुरू आहे. शिवाय एक अडचण अशी की नोंदवहीत फक्त उत्तरं आहेत. ती कोणत्या इमारतीची, हे लिहायला रकानाच ठेवलेला नव्हता.

मी मात्र हातावर हात ठेवून बसलो नाही. घरी जाऊन आधी स्वतःच्या घराची कागदपत्रं काढली आणि बारकाईने पाहिली. घर बावीस वर्षांपूर्वीचं निघालं. तेव्हापासून मला शांत झोप लागते.

आपलं कधीचं आहे?