जावयाचा मासा

जावयाच्या माशाला काहीतरी झालंय हे दिनकररावांना सकाळच्या चहाच्या वेळी दिसलं आणि चहा बशीतच राहिला. शेपटीच्या अलीकडे, डाव्या अंगाला, वेचणी संपल्यावर सदऱ्याला चिकटून राहतो तसा पांढरा कापूस होता. चष्मा पुसून पाहिलं. कापूस होताच.

"अगं, हिकडं ये. माशाला कापूस फुटलाय."

तानुबाई ओले हात पदराला पुसत आल्या. "शेवाळ असंल."

"शेवाळ हिरवं असतंय. हे दुखणं हाय."

मासा घरचा नव्हता. नांदेडचे जावई हरिओमराव मागच्या आठवड्यात काचेची पेटी, हवेचा पंप आणि पिशवीतला हा सोनेरी मासा घेऊन पूर्णेला उतरले होते. "मामा, घराला रंग द्यायचं चाललंय. तेवढा सांभाळा," एवढंच बोलून ते परतीच्या गाडीनं गेलेसुद्धा. लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं. हरिओमराव मुळातच कमी बोलायचे, आणि कमी बोलणारा जावई रागावलाय की नुसताच गप्प बसलाय, हे दिनकररावांना कधीच उमगत नसे. रेल्वेत गार्ड म्हणून हयात काढली, पण हा सिग्नल त्यांना वाचता येत नव्हता. त्यातून धोंड्याचा महिना. रविवारी लेक-जावई जेवायला येणार, वाण घेणार आणि मासा परत नेणार. हा मासा दगावला तर लेकीला, प्रियांकाला, सासरी जन्मभर टोमणे खावे लागतील, असं त्यांच्या मनानं घेतलं.

"तू ह्याला काय खाऊ घातलंस?"

"काई न्हाई."

दिनकररावांनी पेटीच्या तळाशी पडलेल्या पिवळ्या कणाकडे बोट दाखवलं.

"जरासं पुरण. वाटाण्याएवढं."

"पुरण? माशाला?"

"मग? जावयाचा मासा हाय. त्या कोरड्या दाण्यावर ठिवायचा का? उद्या इच्यारलं, माज्या माशाचा काय पाहुणचार केला, तर काय सांगू?"

दिनकररावांनी कपाळावर हात मारला आणि परभणीच्या रंगीत मासे विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला.

"बुरशी हाय काका," दुकानदार म्हणाला. "पाणी घाण झालं की होतंय. येगळ्या टबात ठेवा. खडेमीठ टाका, बेताचं. निळं औषध देतो, ते थेंबानं घालायचं. आन् हवेचा पंप बंद पडू देऊ नका."

"वाचंल का?"

"घाबरू नका."

"मी कशाला घाबरू? जावयाचा हाय, म्हनून इच्यारलं."

"जावयाचा हाय व्हय?" दुकानदाराचा आवाज बदलला. "मग लवकर या."

दिनकरराव भर उन्हात परभणीला जाऊन औषध घेऊन आले. टबाची तयारी चालू असतानाच संध्याकाळी नेहमीसारखा हरिओमरावांचा व्हिडिओ कॉल आला. जावई रोज फोन करत. सासऱ्याची तब्येत कधी विचारत नसत. विचारत ते एकच.

"मामा, मासा दाखवता का?"

दिनकररावांच्या कानशिलावरून घाम ओघळला. एका हातानं फोन धरून दुसऱ्या हातानं त्यांनी बायकोला खूण केली. गाडी सोडताना झेंडी दाखवावी, तशी. तानुबाईंना बरोबर समजलं. माशाच्या खाण्याची डबी घेऊन त्या पेटीच्या उजव्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. डबी दिसताच मासा तिकडं तोंड करून थबकला. उजवं अंग समोर आलं, सोन्यासारखं लखलखीत.

"वा," हरिओमराव म्हणाले. बराच वेळ ते माशाकडे बघत राहिले. "एकदम चांगला दिसायलाय."

फोन बंद झाल्यावर दिनकरराव खुर्चीत कोसळलेच.

मासा टबात गेला. टब कुरडयांचा होता. औषधानं टब निळा, दिनकररावांची बोटं निळी आणि पांढऱ्या लेंग्याचा गुडघा निळा. तानुबाई टबासाठी हळहळल्या, पण पुरणाचं प्रकरण ताजं असल्यामुळे तोंड उघडता येत नव्हतं. दुकानदारानं माशाची सारखी हलवाहलव करू नका म्हणून बजावलं होतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा पेटी रिकामी होती.

"लाईट गेलीय, हरिओमराव. अंधारात काई दिसंना," दिनकरराव म्हणाले. मागं पंखा फिरत होता.

तिसऱ्या दिवशी त्यांनी नेटवर्क नाही म्हणून सांगितलं. आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

"मामा, मी रविवारची वाट बघत न्हाई. उद्या सकाळच्या गाडीनंच येतो."

खोटं बोलल्याची शिक्षा म्हणूनच की काय, त्या संध्याकाळी लाईट खरोखरच गेली. पंप थांबला. दिनकरराव टबापाशी मांडी घालून बसले आणि पेल्यानं पाणी उचलून वरून धार सोडू लागले. तेवढीच हवा. हात भरून आला की तानुबाई पेला घ्यायच्या.

"आपल्या पोराला बी एवढं जपलं न्हाई," तानुबाई म्हणाल्या.

"आपला पोरगा कुटं जावयाचा होता?"

सकाळी उजेडात पाहिलं तर कापूस गळून गेला होता. शेपटी जरा कातरलेली होती, पण मासा ताठ पोहत होता. दिनकररावांचे डोळे भरून आले. त्यांनी पेटीत ताजं पाणी भरून मासा अलगद आत सोडला, आणि तेवढ्यात दारात हरिओमराव उभे राहिले. हातात कडीचा डबा. चप्पल काढायच्या आधी ते पेटीपाशी गेले. उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं. मग मटकन खाली बसले.

"मामा, एक सांगू? रागावणार न्हाई ना?"

जावई आपल्याला भिऊ शकतो, हे दिनकररावांच्या कधी ध्यानीमनीही आलं नव्हतं.

"हा मासा माजा न्हाई. आमच्या साहेबांचा हाय. साहेब ट्रेनिंगला गेलेत, माज्याकडं जोडी ठेवून. ह्याला माज्याकडंच पांढरं झालं होतं, बारीक. घराला रंग द्यायचं खोटं सांगितलं. माज्या हातून मेला असता तर साहेबांनी मला सोडलं नसतं. सासऱ्यांकडं मेला म्हटलं, की जरा..." त्यांनी मान खाली घातली.

"म्हंजे पुरणानं न्हाई झालं!" स्वयंपाकघरातून तानुबाईंचा आवाज आला.

"पण तुमी व्हिडिओत दाखवला तवा डाग साफ गेला होता," हरिओमराव म्हणाले. "म्हटलं, पूर्णेच्या पाण्यातच काहीतरी गुण हाय. म्हणून..."

त्यांनी डब्याचं झाकण काढलं. आत दुसरा मासा होता आणि त्याला कापूस फुटला होता.

दिनकरराव काही बोलणार, इतक्यात जावयाच्या खिशातला फोन वाजू लागला. पडद्यावर नाव बघून हरिओमरावांचा चेहराच उतरला.

"साहेब! व्हिडिओ कॉल हाय. दोन्ही मासे दाखव म्हणणार. मामा, आता काय करू?"

दिनकरराव शांतपणे उठले. निळ्या बोटांनी त्यांनी डबा पेटीत हळूच कलता केला.

"कोन्त्या अंगाला हाय?"

"डाव्या."

"मग फिकीर न्हाई," त्यांनी जावयाच्या हातातून फोन काढून घेतला. "अगं, डबी घे आन् उजव्या टोकाला उभी ऱ्हा."