पारसशेठची प्रिमियम खुर्ची

जुन्नरच्या बाजारपेठेत भांड्यांची दुकानं पुष्कळ आहेत, पण गिऱ्हाइकाला भांडं दाखवण्याआधी विमानात बसवणारं दुकान एकच. ते आमच्या पारसशेठचं.

आत शिरलं की डाव्या हाताला, पिंपांच्या रांगेशेजारी, प्लास्टिकच्या दोन खुर्च्या एकामागे एक मांडलेल्या दिसतात. दोन्हींची तोंडं रस्त्याकडे. फरशीवर खडूच्या दोन रेघा. पुढची खुर्ची अलीकडच्या रेघेवर असली की ती इकॉनॉमी, आणि वीतभर पुढे सरकवली की प्रिमियम इकॉनॉमी. गिऱ्हाइकाला मागच्या खुर्चीत बसवायचं आणि गंभीरपणे विचारायचं, "गुडघा टेकतो का?"

एवढ्यावर भागत नाही. "आता पुढचा मानूस झोपला, असं धरा," म्हणून शेठ पुढच्या खुर्चीच्या पुढच्या पायांखाली एकेक वाटी पालथी घालतात. खुर्ची मागे कलंडते आणि तिची पाठ तुमच्या नाकासमोर येते. "आता हितं तुमी जेवायचं. घ्या!" आणि खरोखरच मांडीवर एक रिकामं ताट ठेवतात.

एकदा घाटघरच्या एक आजी नातीच्या लग्नाची भांडी घ्यायला आल्या होत्या. त्यांनाही या खुर्चीत बसवण्यात आलं. आजींनी मांडीवरच्या ताटाकडे पाहिलं, समोरच्या खुर्चीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "शेट, आमी घाटघरापासनं उभ्यानं आलोय. यष्टीत बसाया मिळालं का त्येच आमचं पिरमियम. हंडा दावता का जाऊ?"

शेठना राग आला नाही. त्यांना कशाचाच राग येत नाही. हंडा काढताना ते मला म्हणाले, "बघा सर, उभ्यानं जायची सोय पण ठिवायला पाहिजे व्हती विमानात. दर पडला असता."

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर शेठचा एकुलता एक मुलगा नीलेश टोरांटोला असतो आणि शेठना त्याच्याकडे जायचंय. जायचंय हे गावाला फार दिवसांपासून माहीत आहे. कोणत्या विमानाने, हे अजून ठरायचं होतं.

शेठचा एक शब्द आहे: "वाजवून घेऊ." भांड्याचा दुकानदार पातेलं हातात घेतो, बोटाच्या पेराने टिचकी मारतो आणि कान देतो. शेठ तसंच सगळ्या जगाला टिचकी मारून पाहतात. नारळ, दार, पुढाऱ्याचं आश्वासन, सगळं. आणि विमान तर इतकं मोठं भांडं, ते वाजवून घेतल्याशिवाय कसं चालेल?

त्यामुळे परदेशी जाऊन आलेला कोणीही माणूस दुकानावरून सुखरूप जात नाही. नारायणगावकडचे एक द्राक्षबागायतदार आहेत, आबा. ते अभ्यासदौऱ्यावर युरोपला जाऊन आले. येताना त्यांना प्रिमियममध्ये बसायला मिळालं, आणि तेव्हापासून ते ग्रामसभेतसुद्धा पाय लांब करून बसतात. त्यांची उलटतपासणी माझ्यासमोरच झाली.

"शेट, लई फरक," आबा म्हणाले. "मधी पडदा लावत्यात."

"पडदा कशाला?"

"मागच्यांनी बघू न्हाई म्हणून."

"काय बघू न्हाई?"

आबांनी जरा विचार केला. "आमी काय खातो त्ये."

"आन तुमी काय खाता?"

"त्येच. पन चिनी मातीच्या बशीत. आन चमचा स्टीलचा!"

शेठ पुढे झुकले. "किती गेजचा?"

आबांचा सगळा युरोप तिथे संपला. चमचा किती जाड पत्र्याचा होता, हे काही त्यांनी पाहिलं नव्हतं. शेठनी एक हलका आणि एक जड असे दोन चमचे त्यांच्या हातात देऊन ओळखपरेड घेतली. आबांनी चाचपडत हलक्याकडे बोट दाखवलं. "म्हंजे पडद्याचे पैसे," असा निकाल देऊन शेठनी चमचे पुसून जागेवर ठेवले. प्रिमियम इकॉनॉमीचं इतकं नेमकं परीक्षण मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

माझा या प्रकरणात शिरकाव झाला तो सूर्यामुळे. मी इथल्या कॉलेजात भूगोल शिकवायचो. शेठ जैन आहेत आणि चौविहार पाळतात, म्हणजे सूर्य मावळला की अन्न नाही, पाणीही नाही. एका सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. "सर, विमान पश्चिमेला चाललंय. सूर्यबी पश्चिमेलाच चाललाय. तर मग मावळायचं कुनी आन कवा?"

अख्ख्या नोकरीत मला एकाही विद्यार्थ्याने इतका चांगला प्रश्न विचारला नव्हता. मी पृथ्वीच्या जागी एक कळशी घेऊन समजावलं. लंडनहून दुपारी निघालेलं विमान टोरांटोला पोचतं तेव्हाही दुपारच असते, हे ऐकून शेठ हरखले. "म्हंजे जेवत ऱ्हायचं!" मग शंका आली, की सूर्यास्त खिडकीतला धरायचा की जुन्नरचा? चातुर्मासाला जैन स्थानकात आलेल्या साध्वीजींना त्यांनी हे विचारलं. ज्या आयुष्यात कधी वाहनात बसत नाहीत, गावोगाव पायी चालतात, त्यांना. साध्वीजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, जाणं गरजेचंच आहे का, ते आधी पाहा.

गावाचं मत सोपं होतं. शेठ चिक्कू आहेत. पैसे सुटत नाहीत म्हणून ही नाटकं. मीही तसंच समजत होतो, आणि त्यात मला जरा मजाही वाटत होती.

मग एका रविवारी सकाळी मी कुकरची रिंग घ्यायला गेलो. नीलेशचा फोन दर रविवारी सकाळी येतो. शेठना कमी ऐकू येतं, त्यामुळे तो स्पीकरवर असतो आणि निम्म्या पेठेला कळतो.

"हॅलो पप्पा."

"हां."

"तब्येत?"

"बरी हाय. तुजी?"

"बरी. दुकान?"

"चाललंय."

"जेवलात का?"

"आरं, सकाळ हाय हितं."

"हां. खरंच की."

रस्त्यावरून टोमॅटोच्या क्रेटचा एक टेम्पो गेला, तो पार वळणावर जाईपर्यंत ऐकू येत राहिला. मी रिंग खाली ठेवून निघावं म्हणत होतो, एवढ्यात शेठ म्हणाले, "नीलू, त्ये फ्रँकफर्टवरनं जाणारं बघितलं का तू?"

आणि तिकडचा आवाज बदलला. "थांबा पप्पा, लॅपटॉप आणतो!"

पुढे जे चाललं त्याला मी संभाषणच म्हणेन. थांबा किती मोठा, जैन जेवण आधी सांगावं लागतं का, खिडकीजवळ बसावं की जाण्या-येण्याच्या वाटेजवळ. नीलेश हसत होता. "पप्पा, तुम्ही वाट्या घालून बघितलं का?" "बघितलं. नाक घासतं." "मग प्रिमियमच घ्या ना, मी भरतो पैसे!" "घाई न्हाई. वाजवून घेऊ." चहा येऊन गेला तरी बापलेक आकाशातच होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नीलेशने तिकीट काढलं. बापाला न विचारता, जाण्या-येण्याचं, प्रिमियम इकॉनॉमीचं. चांगल्या मुलाने करावं तेच त्याने केलं. शेठनी पेठेत पेढे वाटले. फरशीवरच्या रेघा पुसल्या गेल्या, दोन्ही खुर्च्या एकमेकींत घालून कोपऱ्यात गेल्या. बरोबर न्यायच्या तांब्यावर शेठनी मशीनने स्वतःचं नाव घातलं, विमानात हरवला तर कोणाचा ते कळावं म्हणून. आबांनी पाय लांब करून अभिनंदन केलं.

मी पुढे एका दुपारी गेलो तेव्हा शेठ गल्ल्यावर नुसते बसले होते. हातात एक पातेलं होतं. ते पुसून झालेलं होतं, तरी पुसत होते.

"काय शेठ, झाली का तयारी?"

"झाली." मग थोडं थांबून म्हणाले, "पोरानं घाई केली, सर."

"का? प्रिमियम आहे की."

"त्ये हाय." त्यांनी पातेल्याला टिचकी मारली, पण कान दिला नाही. "परवा फोन आला. तयारी झाली का? झाली. पासपोर्ट हाय का? हाय. बरं, ठेवू? ठेव. झालं. त्याच्या मागल्या रविवारी बी तेवढंच."

मी पिंपाला टेकून उभा राहिलो.

"आमची मंडळी व्हती तवर फोन तिच्याकडंच असायचा. काय काय बोलायची त्याच्याशी! कोनाचं लगीन, कोनाचं बारसं, लोणचं कसं झालं. मी मागनं वरडायचो, पाऊस झाला म्हणून सांग. ती सांगायची. आता पाऊस मीच सांगतो, तर तो 'बरं' म्हणतो. पुढं काय बोलायचं असतं त्ये मला येत न्हाई, सर. मला विमानाचं येतं."

ते हसले, पण ते हसू त्यांनी गिऱ्हाइकासाठी ठेवलेलं होतं.

"आन तिथं गेल्यावर तर समोरासमोर बसायचंय. हितनं निदान मधी विमान तरी हाय."

सांत्वन हा माझा विषय नाही. माझा विषय भूगोल. मी कोपऱ्यातली कळशी उचलली.

"शेठ, येतानाच्या सूर्याचं काही बघितलंत का?"

"येताना?"

"जाताना तो तुमच्याबरोबर चालतो. येताना तुम्ही पूर्वेला, तो पश्चिमेला. नुसता समोरासमोर येऊन पटकन मागे पडतो. रात्र धावत अंगावर येते. जेवणाची गाडी तुमच्यापर्यंत पोचायच्या आत अंधार. चौविहाराचं काय करणार?"

शेठनी पातेलं खाली ठेवलं. "ह्ये आधी का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही जायचंच विचारत होता. परतीची तारीख बदलता येते ना?"

"येती म्हणं." ते उभे राहिले होते. "म्हंजे कुठलं विमान कवा सुटतं, त्ये परत सगळं बघावं लागल."

"सगळं," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी मी पुन्हा कुकरची रिंग घ्यायला गेलो. घरची रिंग नवीच होती. दोन्ही खुर्च्या पिंपांशेजारी परत एकामागे एक लागलेल्या होत्या आणि फरशीवर ताजा खडू दिसत होता. मला मागच्या खुर्चीत बसवण्यात आलं. गुडघा टेकत नव्हता.

फोन आला.

"हॅलो पप्पा. तयारी?"

"झाली."

"बरं. मग ठेवू?"

शेठनी माझ्याकडे पाहिलं. विकायला बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर इतकी भीती मी कधी पाहिली नव्हती.

"नीलू," ते म्हणाले, "त्ये परतीचं जरा... येताना सूर्याचा लई घोळ हाय."

मला वाटलं, फोन कट झाला. मग टोरांटोत कुठेतरी खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"थांबा पप्पा, ठेवू नका. लॅपटॉप आणतो."

शेठनी फोनवर तळहात ठेवला, माझ्याकडे वाकले, आणि मला काही ऐकूच आलं नसावं अशा समजुतीने हळूच सांगितलं, "आणतोय."