एकोणीस इंचांचा हट्ट

गाडी दारात येऊन तासही झाला नव्हता, तोच निरीक्षकांना तिच्यात एक खोट दिसली. चाकं लहान होती.

खरं म्हणजे ती लहान नव्हती. सतरा इंची होती, आणि ज्यांनी गाडी बनवली त्यांनी चार डोकी एकत्र करूनच बसवली असणार. पण दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून निरीक्षकांना आपली लालभडक, बुटकी, दोन दारांची स्पोर्ट्स कार दिसली ती शाळकरी पोराचे बूट घातलेल्या पैलवानासारखी. विशीत असल्यापासून त्यांनी या गाडीचा ध्यास घेतला होता. ती मिळाली त्रेपन्नाव्या वर्षी, तीही दोन मालक करून आलेली. इतक्या उशिरा आलेल्या सुखात निदान चाकं तरी मनासारखी असावीत, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

घरात मात्र गाडी अटीवर आली होती. निरीक्षकांची बायको हाडांच्या रुग्णालयात प्लॅस्टर घालायच्या खोलीची प्रमुख होती. वेगवान गाड्यांबद्दल तिचं मत ऐकीव नव्हतं, ते तिच्यासमोर रोज स्ट्रेचरवरून येत असे. तिने दोनच गोष्टी सांगितल्या. गाडी रोज कामाला न्यायची, नुसती पुसत बसायची नाही. आणि दुसरी तिने भाजी चिरता चिरता, सुरी न थांबवता सांगितली.

"वेगाची एक जरी नोटीस आली, तर चावी माझ्याकडे. मला घरी प्लॅस्टर घालायची हौस नाही."

निरीक्षकांनी हसत हसत कबूल केलं. वेग हे माप होतं, आणि मापात चुकणं त्यांच्या रक्तात नव्हतं. ते सरकारच्या मापं तपासणाऱ्या खात्यात होते. तराजू, पेट्रोलचे पंप, रस्त्यावरचे वेगाचे कॅमेरे अशा सगळ्यांना त्यांची सही लागे. पण त्यांचा खरा दरारा होता तो टॅक्सींच्या मीटरवर. मागचं टायर जरा लहान बसवलं की ते जास्त फेरे घेतं आणि मीटर जास्त पळतं, ही चालकांची जुनी युक्ती त्यांनी सव्वीस वर्षांत इतक्या वेळा पकडली होती, की चालकांनी त्यांचं नाव फूटपट्टीसाहेब ठेवलं होतं. पकडलेल्या प्रत्येकाला मीटर सील होण्याआधी पाऊण तास भाषण ऐकावं लागे. काही चालक सांगत, की सील परवडलं, भाषण नको.

तर अशा माणसाने नव्या गाडीचा वेगाचा काटा पहिल्याच रविवारी खात्याच्या मोजलेल्या किलोमीटरवर नेऊन, मेकॅनिकला शेजारी बसवून, केसाइतकाही फरक राहणार नाही असा लावून घेतला, यात नवल नाही. आता काटा पन्नास म्हणाला की ते पन्नासच. पन्नासच्या रस्त्यावर एकोणपन्नासने जाणंही त्यांना गबाळेपणाचं वाटे.

मग ते टायरवाल्या मामांकडे गेले. मामा म्हणजे सगळ्या गावाचे मामा. चाळीस वर्षं टायरांत काढलेला माणूस, बोलायला काटकसरी.

"रोज चालवायची?" मामांनी विचारलं.

"रोज."

"मग सतरा. एकोणीस फोटोसाठी."

निरीक्षकांनी त्यांना कागद-पेन्सिल घेऊन समजावलं. चाकाची धातूची रिंग मोठी घ्यायची आणि तिच्यावरचं रबर तेवढंच पातळ घ्यायचं, म्हणजे बाहेरचा घेर तसाच राहतो, दोन मीटरला जरासा कमी. गाडीला पत्ताही लागत नाही, काट्यालाही लागत नाही. हिशेब मिलिमीटरपर्यंत बरोबर होता. मामांनी कागद निरखून पाहिला, त्यावर हात पुसले आणि एकोणीस इंची चाकं बसवून दिली.

गाडी देखणी दिसू लागली. खिडकीतून तर इतकी, की निरीक्षकांनी त्या दिवशी चहा तीनदा गार केला.

दुसऱ्या दिवसापासून मात्र रस्ता त्यांना भेटू लागला. सतरा इंचांच्या जाड रबरातून रस्ता नुसता ऐकू यायचा, आता तो अंगाला लागत होता. रस्त्यात नाणं पडलेलं असलं तर ते छापा वर पडलंय की काटा, हे निरीक्षक बसल्या जागी सांगू शकले असते. दप्तरातल्या डब्याचं झाकण रोज उघडू लागलं. पाठीच्या मणक्यांची संख्या त्यांना शाळेत शिकवली होती, ती पहिल्यांदाच पटली. तिसऱ्या आठवड्यात एका गतिरोधकावर त्यांच्या दाढेवरची टोपी सुटली आणि पायाशी घरंगळली. दातांच्या डॉक्टरांनी काय कडक खाल्लं असं विचारलं. निरीक्षक म्हणाले, काही खाल्लं नाही, ऑफिसला जात होतो.

गाडी रोज न्यायची ही अट होती. एकोणीस उतरवणं म्हणजे मामांसमोर नाक कापून घेणं होतं. मधला मार्ग त्यांना दाढेवर नवी टोपी बसत असताना, तोंड उघडं असताना सुचला. चाक तेच ठेवायचं, वर रबर मात्र पूर्वीसारखं जाड घ्यायचं. देखणेपण तसंच आणि खाली गादी.

मामा म्हणाले, "साहेब, चाक वाढेल."

"वाढू द्या हो. मऊपणा महत्त्वाचा."

आता कोणी म्हणेल, ज्याने जन्मभर चाकांचे घेर मोजले त्याला हे कळू नये? पण सव्वीस वर्षांत निरीक्षकांना चाक लहान करणारे लबाडच भेटले होते. स्वतःच्या गाडीचं चाक मोठं करणारा शहाणा त्यांना कधी भेटला नव्हता. त्यामुळे तो आरशात समोर आला तेव्हा त्यांनी त्याला ओळखलं नाही.

गाडी लोण्यासारखी चालू लागली. एवढंच, की चाक पूर्ण डावीकडे वळवलं की आतून कुठेतरी मांजर चिरडल्यासारखा आवाज येई. जाड टायर आतल्या पत्र्याला घासत होतं. उजवीकडे काही तक्रार नव्हती. आणि घरापासून ऑफिसपर्यंत वळण होतं एकच, अगदी काटकोनात, अरुंद गल्लीत. डावं.

निरीक्षकांनी त्यावरही तोड काढली. डावं वळण सोडून पुढे जायचं, मग उजवीकडे, पुन्हा उजवीकडे आणि पुन्हा उजवीकडे. तीन उजवी वळणं म्हणजे एक डावं, हे गणितही बरोबर होतं. त्यांची सगळीच गणितं बरोबर असत, हे त्यांचं खरं दुखणं. या नव्या रस्त्यावर बायकोचं रुग्णालय लागे. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ते तिथून जात, आणि तिसऱ्या दिवसापासून प्लॅस्टरच्या खोलीच्या खिडकीतून बायको हात करू लागली. निरीक्षकही हात करू लागले. ती का हात करते याचा त्यांनी खोलात जाऊन विचार केला नाही. संध्याकाळी घरी चहाबरोबर बिस्किटं मिळू लागली, त्याचाही केला नाही.

त्याच रस्त्यावर, रुग्णालयाच्या दारासमोर, वेगाचा कॅमेरा होता.

नोटीस आली तेव्हा बायको कामावर होती, हे नशीब. पन्नासच्या रस्त्यावर चोपन्न. निरीक्षकांनी ती तीनदा वाचली, मग चष्मा पुसून चौथ्यांदा वाचली आणि कपाटात हिवाळी कपड्यांखाली ठेवली. त्या सकाळी काटा पन्नासवर होता. पन्नासवर म्हणजे पन्नासवर, त्यांनी स्वतः पाहिलं होतं. त्यांचा काटा खरा होता, तेव्हा कॅमेरा खोटा होता. एका यंत्राच्या बेफिकिरीपायी तेहेतीस वर्षं वाट पाहिलेली गाडी हातची जाणार, या विचाराने ते पेटून उठले. आणि मराठी माणूस पेटला की जे करतो ते त्यांनी केलं. अर्ज लिहिला.

अर्ज दोन पानी होता. त्यात "ढिसाळ यंत्र", "बेजबाबदार तपासणी" आणि "ज्या महाभागाने या कॅमेऱ्यावर सही केली त्याची पात्रता तपासावी" असे शब्द होते. वाहतूक शाखेने तो वाचला, नियमाप्रमाणे त्यावर शिक्का मारला आणि मापं तपासणाऱ्या खात्याकडे पाठवला. चौथ्या दिवशी तो योग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर येऊन पडला. कॅमेऱ्यांच्या तक्रारी ज्यांच्याकडे येत ते अधिकारी म्हणजे निरीक्षक. सोबत कॅमेऱ्याचं प्रमाणपत्र जोडलं होतं. खाली सही होती. सुबक, ठसठशीत, शेवटी शेपटी वर नेलेली.

निरीक्षकांनी उठून खोलीचं दार लावलं.

आता कॅमेरा खोटा ठरला तर सही खोटी, आणि सही खरी ठरली तर गाडी गेली. ते बराच वेळ कधी अर्जदाराच्या बाजूने बसले, कधी अधिकाऱ्याच्या. शेवटी त्यांनी आपल्या जुन्या सहायकाला हाक मारली. हे गृहस्थ निवृत्तीला एक वर्ष राहिलेले, खात्यात टेपवाले म्हणून प्रसिद्ध, कारण मोजपट्टी त्यांच्या खिशात लग्नाच्या फोटोतही दिसते. निरीक्षक म्हणाले, एका खासगी गाडीचा काटा तपासायचाय. टेपवाल्यांनी कोणाची असं विचारलं नाही. तेवढी अदब त्यांच्यात होती. लाल गाडीत बसताना मात्र ते म्हणाले, "मालक सज्जन दिसतोय."

मोजलेल्या किलोमीटरवर निरीक्षकांनी काटा पन्नासवर धरला. टेपवाल्यांनी घड्याळ लावलं. किलोमीटर बहात्तर सेकंदांत व्हायला हवा होता. तो सदुसष्टमध्ये झाला. निरीक्षक म्हणाले, घड्याळाची कळ उशिरा दाबली असेल. दुसऱ्यांदाही सदुसष्ट. तिसऱ्यांदा घड्याळ निरीक्षकांनी स्वतःच्या मांडीवर ठेवलं आणि पुन्हा सदुसष्ट आले. म्हणजे चोपन्नला टाचणीएवढं कमी.

टेपवाले खाली उतरले, गुडघ्यावर बसले, टायरभोवती पट्टी फिरवली आणि आकडा वाचून दाखवला. दोन मीटर पंधरा. मूळ घेरापेक्षा पंधरा-सोळा सेंटिमीटर जास्त. चाक कमी फेरे घेत होतं, काटा त्या फेऱ्यांवर विश्वास ठेवून पन्नास सांगत होता आणि गाडी आपली चोपन्नने पळत होती.

निरीक्षक रस्त्याकडेच्या दगडावर बसले. चाक दुरून फारच सुंदर दिसत होतं.

"साहेब," टेपवाले पट्टी गुंडाळत म्हणाले, "ही टॅक्सी असती तर आपण काय केलं असतं?"

"मीटर सील केलं असतं."

"आणि चालकाला?"

"पाऊण तास भाषण दिलं असतं."

"मग द्या. मला काही घाई नाही."

निरीक्षकांनी भाषणाला सुरुवात केली. चाक बदललं की माप बदलतं, इथपर्यंत ते आले आणि त्यांना हसू फुटलं. इतकं, की टेपवाल्यांना त्यांची पाठ थोपटावी लागली. भाषण अर्धवट राहिलेलं सव्वीस वर्षांतलं ते पहिलंच.

ऑफिसात परतून त्यांनी अर्जाला उत्तर लिहिलं. "आपला अर्ज तपासला. कॅमेरा बरोबर आहे, त्यावरील सहीदेखील बरोबर आहे. दोष अर्जदाराच्या चाकांत असून त्याचं मूळ अर्जदाराच्या डोक्यात आहे. अर्जातील भाषा आपल्या वयाला शोभत नाही." खाली शेपटीवाली सही केली आणि पाकिटावर स्वतःचा पत्ता लिहिला.

घरी बायको बिस्किटांची बशी मांडत होती. निरीक्षकांनी नोटीस बशीशेजारी ठेवली, तिच्यावर चावी ठेवली आणि सतरापासून दोन मीटर पंधरापर्यंत सगळं सांगून टाकलं. पत्र्याला टायर घासतं हेही सांगितलं. तिथे बायकोने त्यांना थांबवलं.

"थांबा. डावीकडे वळत नाही म्हणून तुम्ही आमच्या रस्त्याने येत होता?"

"हो."

"रोज नऊ दहाला?"

"डावं वळण सोडून सरळ पुढे आलं की बरोबर नऊ दहा होतात."

बायको खुर्चीत बसली. ती नोटिशीकडे बघत होती, पण वाचत नव्हती.

"मी प्लॅस्टरच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं," ती म्हणाली. "म्हटलं, पंचवीस वर्षं झाली लग्नाला, पण मला बघायला वाकडी वाट करून जातात. एका पेशंटबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं हो."

"त्यांचा पाय दुखत असेल."

"त्यांचा हात मोडला होता." बायकोने बिस्किटांची बशी आपल्याकडे ओढून घेतली. "आता त्यांना काय सांगू?"

"खरं सांग."

"खरं सांगण्यासारखं आहे का ते?"

नव्हतं. निरीक्षकांनी मान खाली घातली. बायकोने चावी उचलली, पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन ओढली.

शनिवारी मामांनी मूळची सतरा इंची चाकं परत बसवली. नाक कापलं जाईल म्हणून निरीक्षक आधीच वर मान करून उभे होते, पण मामांनी नाकाकडे पाहिलंही नाही. आत जाऊन त्यांनी तीच चाकं आणली. पहिल्या दिवसापासून त्यांनी ती कापडात गुंडाळून, वर निरीक्षकांच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवली होती.

सोमवारी सकाळी निरीक्षकांनी बसचं वेळापत्रक काढलं. तेवढ्यात बायको खाली उतरली, लाल गाडीचं दार उघडलं आणि आत बसली. निरीक्षक खिडकीतून ओरडले नाहीत, पण धावत खाली आले. ते म्हणाले, चावी तुझ्याकडे राहणार याचा अर्थ गाडी उभी राहणार असा मी घेतला होता.

"चावी काय खुंटीला टांगायला घेतली का मी?" ती म्हणाली. "माझी छोटी गाडी घेऊन जा तुम्ही. डावीकडे छान वळते."

त्या दिवसापासून निरीक्षक भाजीच्या पिशव्यांचा वास असलेल्या छोट्या गाडीने ऑफिसला जाऊ लागले. खरोखरच ती डावीकडे छान वळत होती. लाल गाडीबद्दल घरात कोणी बोलेना. बायको मात्र रोज पाच मिनिटं आधी निघू लागली आणि रोज दहा मिनिटं उशिरा येऊ लागली. रुग्णालय अगदी सरळ रस्त्यावर होतं. मध्ये वळण नव्हतं, ना डावं ना उजवं. निरीक्षकांनी त्या पंधरा मिनिटांचा हिशेब केला आणि तोंडातून काढला नाही. हिशेबांनी आपलं काय केलं हे ते विसरले नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात एका रात्री जेवताना बायकोने त्यांना एक पोळी जास्त वाढली. मग ताटात बघत, सहज आठवल्यासारखं म्हणाली,

"एकोणीस म्हणजे तुमचा अतिरेकच होता."

"होता," निरीक्षक म्हणाले.

"मामाही तेच म्हणत होते."

निरीक्षकांचा घास हातातच राहिला. "तू मामांकडे कशाला गेली होतीस?"

"हवा भरायला हो." तिने आमटी ढवळली. "त्यांच्याकडे अठरा इंची आलीत. काळी आहेत. मला काय, मी नुसती बघितली." ती आमटी ढवळतच राहिली. "पण समजा, अगदी समजा हं, अठरा घेतली, तर घेर तोच राहायला वर रबर किती जाडीचं लागेल?"

निरीक्षकांनी ताट जरा बाजूला सारलं आणि डाव्या हाताने पेन्सिल शोधू लागले.